मांजराची पेटी माळ्यावर नको

ज्या घरात मांजर आहे त्या घरात त्याला नेण्याआणण्याची पेटी बारा महिने उघडी, मोकळी आणि त्याच्या नित्याच्या बसण्याउठण्याच्या जागी असावी, असे माझे निश्चित मत आहे. आणि ते वर्तमानपत्रातून मांडावेसे वाटण्याचे कारण असे की, या एका गोष्टीच्या अभावी आपल्या शहरातील कितीतरी मांजरे लसीवाचून, तपासणीवाचून आणि प्रसंगी वेळेवर मिळू शकला असता अशा इलाजावाचून राहतात, व त्याचा दोष मात्र मांजराच्या स्वभावावर टाकला जातो. रायपुरात अलीकडे मांजर पाळण्याची हौस वाढली आहे. पूर्वी धान्याच्या कोठीपाशी उंदरांचा बंदोबस्त करणारे आणि रात्री कौलांवरून हिंडणारे मांजर आता शंकरनगरच्या किंवा मोव्याच्या सदनिकेत चौथ्या मजल्यावर राहते, त्याचे खाद्य पुड्यातून येते, त्याच्या विधीसाठी वेगळी वाळू येते, आणि या सामानाबरोबरच दुकानदार जिला कॅरिअर म्हणतात ती जाळीच्या दाराची प्लास्टिकची पेटीही येते. पण वाळूच्या तसराळ्याला आणि खाण्याच्या वाटीला घरात जी जागा मिळते ती पेटीला मिळत नाही. ती लवकरच माळ्यावर जाते, आणि लसीची तारीख उलटून गेल्यावर, किंवा मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही म्हणजे, धूळ झटकून खाली काढली जाते. मग दारेखिडक्या बंद होतात, दिवाणाखाली दडलेल्या मांजराला कोणी पायाला धरून ओढतो, कोणी अंगावर टॉवेल टाकतो, कोणी मानेच्या कातड्याला धरून त्याचे डोके आधी आत कोंबतो. हातावर ओरखडे उठतात, मांजर भीतीने मुतते, आणि दार लागते तेव्हा घरातील माणसे व आतला जीव सारखेच धापा टाकत असतात. ज्या प्राण्याने ती पेटी आयुष्यात दोनदाच पाहिली आणि दोन्ही वेळा अशी पाहिली, तो तिला भिऊ लागला तर ते त्याच्या बुद्धीचेच लक्षण समजले पाहिजे.

या भीतीत आपल्या समाजाचाही जुना वाटा आहे. मांजर मारणे हे आपल्याकडे पातक मानले जाई. मारले तर सोन्याचे मांजर करून काशीस दान द्यावे लागते, ही समजूत आमच्या आज्यांच्या पिढीत घरोघर होती, आणि त्या समजुतीने असंख्य मांजरांचे प्राण वाचवले असतील. परंतु जे मारायचे नाही आणि ठेवायचेही नाही, अशा मांजराची तजवीज लावण्याचा जो मार्ग रूढ झाला तो गोणीचा होता: दूध लांबवणाऱ्या किंवा वरचेवर विणाऱ्या मांजरीला गोणीत घालायचे, तोंड सुतळीने आवळायचे, आणि नदीपलीकडे किंवा शिवेबाहेर नेऊन सोडून यायचे. अंधार, हिंदकळणे, अनोळखी वास आणि अखेरीस हद्दपारी, एवढाच आपल्या घरांतील मांजराचा प्रवासाशी संबंध पिढ्यान्‌पिढ्या आला. श्राद्धाच्या मांजराची गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची आहे. पित्याने श्राद्धाच्या दिवशी पानाला तोंड लावू नये म्हणून घरचे मांजर टोपलीखाली झाकले, आणि पुढे मुलगा, घरात मांजर नसताही, शेजारून मांजर मागून आणून ते टोपलीखाली झाकू लागला. अंधानुकरणाचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते आणि तो अर्थ यथार्थच आहे. पण श्राद्धविधी संपेपर्यंत त्या टोपलीखाली कोंडलेल्या प्राण्याला काय वाटले असेल, याची पृच्छा सांगणाऱ्याने किंवा ऐकणाऱ्याने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आज गोणी मागे पडली. तथापि भाजीच्या दोन प्लास्टिकच्या टोपल्या तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधलेल्या आणि त्यांच्या भोकांतून एक पंजा बाहेर आलेला, असे दृश्य पशुवैद्याच्या बाकावर अद्याप दिसते. ते बांधणारे हात प्रेमळ असतात, हे मी पूर्णपणे मान्य करते. त्या हातांना शिकवलेली रीत मात्र गोणीचीच आहे.

रायपूरच्या मराठी घरांना हा प्रश्न विशेष निकटचा वाटावयास हवा. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून नागपुराशी जोडलेली, पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या कचेऱ्यांतून, शाळांतून आणि रेल्वेच्या नोकऱ्यांतून येथे स्थिरावलेली ही कुटुंबे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ एकीकडे व छत्तीसगड दुसरीकडे गेला, तरी तात्यापाऱ्यातील घराचे आजोळ नागपुरास, चौबे कॉलनीतील सुनेचे माहेर अमरावतीस आणि मुले नोकरीनिमित्त पुण्यास, हा क्रम काही सुटलेला नाही. उन्हाळ्याची सुटी, दिवाळी आणि लग्नसराई आली की घराला कुलूप लागते. आणि भिलाईच्या कारखान्यातील किंवा सरकारी खात्यातील बदलीचा हुकूम आला की घरच उचलले जाते. अशा वेळी कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, हे जुने वचन पुढे करून मांजर मागे ठेवले जाते. या वचनात अर्धे सत्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. आठ दिवसांच्या गावासाठी मांजराला तीनशे किलोमीटर हिंदकळत नेण्यापेक्षा, किल्ली शेजारच्या काकूंच्या स्वाधीन करून त्याला त्याच्याच घरी ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. पण बदली झालेल्या कुटुंबाने मांजराला क्वार्टरच्या आवारात सोडून जावे याला हे वचन आधार देत नाही, आणि आजारी मांजराला तर ते काहीच देत नाही.

मांजराचा घरावरचा हक्क वहिवाटीचा असतो. गाल, हनुवटी आणि कूस घासून ते दाराच्या चौकटीवर, खुर्चीच्या पायांवर आणि माणसांच्या पोटऱ्यांवर आपल्या गंधाची नोंद रोजच्या रोज करीत असते, व ही नोंद जिथवर पोचते तिथवर ते निर्धास्त असते. माळ्यावरून उतरलेल्या पेटीवर ती नोंद नसते. असलाच तर मागच्या खेपेच्या मूत्राचा आणि दवाखान्यातील औषधांचा वास असतो, आणि आपल्याला न जाणवणारा तो वास मांजराच्या नाकाला पुरेसा बोलका ठरतो. दुसऱ्या बाजूने, बंदिस्त जागा मांजराला जात्याच नावडती असते असे मुळीच नाही. उघडा राहिलेला कपाटाचा कप्पा, पलंगाखालची वळकटी, सामान काढून ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके, यांत ते आपणहून जाऊन बसते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, आश्रयगृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना लपण्यासाठी खोकी दिली व उरलेल्या ९ मांजरांना दिली नाहीत; खोकी मिळालेली मांजरे नव्या जागेला लवकर रुळली. पेटी हेही एक खोकेच आहे. तिच्यात जाण्याचा आणि तिच्यातून निघण्याचा निर्णय कोणाचा, एवढ्यावर ते आश्रयस्थान ठरते की कारागृह, हे अवलंबून राहते.

पेटी आणि मांजर यांच्या संबंधाचे शास्त्र तसे जुने आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ च्या आपल्या प्रबंधात उपाशी मांजरांना लाकडी पट्ट्यांच्या पेट्यांत ठेवून, दोरी ओढली किंवा कळ दाबली असता दार उघडेल अशी योजना केली होती. मांजरे आधी ओरबाडत, चावत, फटींतून अंग दडपत, आणि दार एकदा योगायोगाने उघडले की पुढच्या प्रत्येक खेपेस अधिक लवकर उघडीत. ज्या कृतीचा परिणाम सुखद ती दृढ होते, आणि जिचा परिणाम क्लेशकारक ती सुटत जाते, हा नियम त्यांनी या निरीक्षणांतून मांडला. मला त्या पेट्यांतील मांजरांची दया येते. परंतु त्यांनी दिलेली साक्ष आपण आज तरी त्यांच्या जातभाईंच्या हितासाठी वापरावी. व्हिएन्ना येथील पशुवैद्यक विद्यापीठात ती तशी वापरली गेली: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील प्रयोगात २२ मांजरांपैकी ११ मांजरांना सहा आठवड्यांत २८ बैठकांतून, खाऊ देऊन, पेटीची सवय लावली, आणि अशी सवय लावलेल्या मांजरांत मोटारीच्या प्रवासातील तणावाची चिन्हे कमी आढळली, इतकेच नव्हे तर पुढची वैद्यकीय तपासणीही कमी वेळात आटोपली.

सहा आठवडे म्हणजे फार, असे पुष्कळांना वाटेल. म्हणूनच बोक्याच्या मूत्रावरोधाचे उदाहरण देणे मला अवश्य वाटते. नर मांजराची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात खडे किंवा चिकट द्रव्य अडकून लघवी तुंबली, तर बोका वाळूत वारंवार बसतो, कण्हतो, एक थेंबही पडत नाही, आणि एकदोन दिवसांत त्याच्या जिवावर बेतते. त्या रात्री पेटीची ओळख करून देण्यास कोणालाही सवड नसते. शहरातील दवाखाना बंद असेल किंवा मोठी शस्त्रक्रिया लागणार असेल, तर दुर्गजवळच्या अंजोरा येथील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, जी. ई. रोडच्या अवजड वाहनांमधून जावे लागते. आणि जो बोका पेटीत शांत पडून राहू शकतो तो तेथे पोचतो तेव्हा त्याच्या अंगात उपचार सोसण्याइतके त्राण अधिक उरलेले असते. लसीचेही तसेच. मांजरांतील संसर्गजन्य जठरांत्रदाह पिलांना फार थोड्या अवकाशात नेतो, त्याची लस उपलब्ध आहे, रेबीजची लस उपलब्ध आहे. पण पहिल्या खेपेची झटापट आठवून दुसरी मात्रा द्यायला गेलेच नाही, असे सांगणारी कुटुंबे थोडी नाहीत.

आता प्रत्यक्ष रीत. पेटी कठीण प्लास्टिकची, वरचा अर्धा भाग सुटा होणारी, आणि मांजराला आत उभे राहून वळता येईल एवढी असावी. पाठीवर अडकवायच्या, पुढे पारदर्शक घुमट असलेल्या पिशव्या हल्ली फार विकल्या जातात. त्या मला मुळीच पसंत नाहीत, कारण लपू पाहणाऱ्या प्राण्याला त्या चहूकडून उघडे पाडतात आणि आपल्याकडच्या उन्हात तापतात. आणलेल्या पेटीचे दार व वरचा भाग काढून केवळ खालचे तसराळे, मांजर ज्या कोपऱ्यात आपणहून बसते तेथे ठेवावे, आणि त्यात त्याच्या अंगाखालची न धुतलेली चादर किंवा घरातल्या कोणाची जुनी सुती साडी घडी करून अंथरावी. यानंतर काही दिवस कोणी काहीच करू नये. मांजराला बोलावू नये, उचलून आत ठेवू नये, ते वास घेत असताना कौतुकाने भोवती जमू नये. उकडलेल्या कोंबडीचा किंवा माशाचा एखादा तुकडा, घरात मांसाहार होत नसेल तर त्याच्याच खाद्याचे आवडते दाणे, पेटीच्या कडेशी, मग काठावर, मग आत, असे कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सहजतेने ठेवीत जावे.

दुपारच्या झोपेसाठी मांजर आपण होऊन त्या तसराळ्यात शिरले, की निम्मे कार्य झाले असे समजावे. पुढे वरचा भाग चढवावा, दार मात्र लावू नये. छताखाली झोपण्याची सवय मोडत नाही असे दिसले म्हणजे दार बसवून ते उघडे बांधून ठेवावे. मग मांजर आत खात असता ते हलकेच लोटावे आणि त्याचे खाणे संपण्यापूर्वीच उघडावे. त्याने बाहेर येण्याची मागणी करण्याआधी दार उघडणे, हे या साऱ्या व्यवहाराचे मर्म आहे, कारण बंद दार पुन्हा उघडते याची हमी त्याला त्यातूनच मिळते. ही मुदत थोडी थोडी वाढवीत नेल्यावर पेटी उचलण्याची पाळी येते, आणि येथे बहुतेकजण चुकतात: ते मुठीला धरून पेटी झुलवीत नेतात, तिचा तळ तिरपा होतो, आणि आतल्या प्राण्याच्या पायांखालची जमीन सरकते. पेटी दोन्ही हातांनी खालून धरून पोटाशी घ्यावी, चार पावले चालून खाली ठेवावी, खाऊ द्यावा. नंतर जिना, नंतर लिफ्ट, नंतर उभ्या मोटारीत किंवा रिक्षात नुसते बसणे, नंतर इंजिन सुरू, नंतर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत, आणि घरी आल्यावर जेवण. या फेऱ्यांत दवाखाना येता कामा नये. पेटीतून होणाऱ्या बहुतेक प्रवासांचा शेवट घरीच होतो, असा अनुभव मांजराच्या गाठी जमला, तर वर्षातून एकदोनदा टोचून घ्यावे लागले तरी तो हिशेब बिघडत नाही.

कान मागे पडले, डोळ्यांची बुबुळे विस्फारली, शेपटी आपटू लागली, किंवा खाऊ पुढे असूनही मांजराने तोंड फिरवले, तर त्या दिवशी तेथेच थांबावे आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे यावे. तोंड उघडे टाकून धापा टाकणे हे तर मांजरात कधीच साधे लक्षण नव्हे. ते पराकाष्ठेच्या भीतीचे, उष्म्याचे किंवा श्वासविकाराचे चिन्ह असते. घरातील मुलांना एक नियम समजावून सांगावा, आणि मोठ्यांनीही तो पाळावा: पेटीत बसलेल्या मांजराला कोणी हात लावायचा नाही, ओढून काढायचे नाही, औषध पाजण्यासाठी किंवा नखे काढण्यासाठी तिथे गाठायचे नाही. ज्या मांजराच्या मनात जुन्या पेटीची भीती खोल बसली आहे त्याच्यासाठी वेगळ्या आकाराची पेटी घेणे उत्तम. ते शक्य नसेल तर जुनी पेटी साबणाने स्वच्छ धुऊन काही दिवस उन्हात टाकावी. दोन मांजरांना दोन पेट्या हव्यात, एकीत दोघांना कोंबू नये. आणि दवाखान्यातून परतलेल्या मांजराच्या अंगाला परका वास येत असल्याने घरचे दुसरे मांजर त्याच्यावर धावून जाते, म्हणून आल्या आल्या दार उघडण्याची घाई न करता, परतलेल्या मांजराला थोडा वेळ वेगळ्या खोलीत, आपले अंग चाटून पूर्ववत होऊ द्यावे.

काही मांजरांची भीती एवढ्यानेही हटत नाही. त्यांच्यासाठी पशुवैद्य निघण्याआधी काही तास देण्याचे चित्त शांत करणारे औषध लिहून देऊ शकतात, आणि मांजराच्या गालांवरील गंधद्रव्याच्या धर्तीवर बनवलेला फवाराही पेटीत मारता येतो. पण औषधाची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. माणसांच्या औषधांच्या डब्यातले काही मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजराला विष आहे, ती प्राण घेते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

आम्हाला संसार आहेत, नोकऱ्या आहेत, मांजरासाठी इतके सोपस्कार करण्यास वेळ कोठून आणावा, अशी तक्रार मी वारंवार ऐकते, आणि ती करणाऱ्यांविषयी माझ्या मनात अनादर नाही. या रीतीला वेळ फारसा लागत नाही, सातत्य लागते. पेटी जमिनीवर ठेवलेली असली की बरेचसे काम ती स्वतःच करते, आणि उरते ते जेवणाच्या वाटीबरोबर आटोपते. पशुवैद्याला घरीच बोलावू, हा दुसरा युक्तिवाद. लसीपुरता तो ठीक आहे. क्ष-किरण, रक्ततपासणी आणि शस्त्रक्रिया घरी होत नाहीत. तिसरे म्हणणे असे की, मांजर शेवटी जनावर, थोडे घाबरले तर काय झाले? या प्रश्नाला मी केवळ भावनेच्या बळावर उत्तर देत नाही, कारण या देशाच्या कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक मांडून ज्या प्रश्नाला तोंड फोडले, त्यातून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्याच्या अकराव्या कलमात, प्राण्याला निष्कारण वेदना होतील अशा रीतीने नेणे, आणि त्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात किंवा पात्रात कोंडणे, ही दोन्ही कृत्ये अपराध म्हणून गणली आहेत. सुतळीने बांधलेल्या टोपल्यांचा या कलमाशी पडताळा घेऊन पाहावा.

पुढे १९७८ मध्ये प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम झाले, आणि त्यांत कुत्री व मांजरे यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. लांबच्या प्रवासापूर्वी किमान दोन तास आधी खाऊपिऊ घालावे, उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, मोठ्या मांजराला बारा तासांतून एकदा अन्न द्यावे, पशुवैद्याचा आरोग्याचा दाखला जवळ असावा, आणि रेल्वेचा प्रवास सहा तासांहून अधिक असेल तर अन्नपाण्यासाठी माणूस बरोबर असावा, अशी त्यांची तरतूद आहे. आपल्या नागपूरच्या वाटेला, जलद गाडीने साधारण पाच तास लागत असल्याने, सहा तासांची अट लागत नाही. मुंबईस किंवा पुण्यास जाणाऱ्यांना मात्र ती पुरेपूर लागू पडते. गार्डच्या डब्यात, लोखंडाच्या खडखडाटात, अनोळखी गाठोड्यांच्या संगतीत मांजराने एकट्याने केलेला प्रवास मला कल्पनेतही सहन होत नाही. ज्यांना परवडेल त्यांनी पहिल्या वर्गाचा सबंध कूपे घ्यावा, आणि ज्यांना नाही त्यांनी चारसहा जणांत मिळून मोटार ठरवावी, असा माझा आग्रह राहील. कोणत्याही वाहनात पेटी हवी ती सवयीची, कारण अशा प्रवासात घराचा म्हणून जो एकमेव वास मांजराच्या सोबत असतो तो त्या पेटीतील चादरीचा.

शहरातल्या शहरात प्रश्न वाहनाचा आणि उन्हाचा आहे. स्कूटरवर पुढे पायांपाशी पेटी ठेवून नेणारे रोज दिसतात. खड्ड्यात आदळताना ती घसरते, कर्णे अगदी कानाशी वाजतात. इलाजच नसेल तर पेटी पट्ट्याने घट्ट बांधावी आणि तिच्यावर पातळ सुती कापड टाकावे; त्यापेक्षा रिक्षा बरी, मांडीवर दोन्ही हातांनी धरून. मोटारीत पुढच्या आसनामागे, खाली जमिनीवर ती सर्वांत स्थिर राहते. मेच्या अखेरीस नवतप्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हा तातडीची निकड नसेल तर सकाळी आठानंतर मांजराला बाहेर काढूच नये. काढावेच लागले तर गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पेटीच्या एका अंगाला ठेवावी, दुसरे अंग मोकळे सोडावे, आणि औषधाच्या दुकानात पाच मिनिटांचे काम आहे म्हणून पेटी बंद मोटारीत ठेवून जाऊ नये. बंद मोटार उन्हात किती झपाट्याने तापते याचा अंदाज बाहेर उभे राहून येत नाही.

पाळणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा करताना पशुवैद्यांकडून काही न मागणे अन्यायाचे होईल. मांजरांच्या वैद्यकांच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०११ साली, आणि पुन्हा २०२२ साली, मांजरांना हाताळण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे एकत्रितपणे प्रसिद्ध केली, आणि मान पकडून दाबून ठेवण्याच्या जुन्या शिरस्त्याला त्यांनी विरोध केला आहे. पेटीचे झाकण काढून मांजराला खालच्या अर्ध्या भागातच बसू द्यावे आणि तेथेच बहुतेक तपासणी करावी, याला कोणतेही यंत्र लागत नाही. दवाखान्यात कुत्र्यांच्या बाकापासून दूर, कमरेइतक्या उंचीची एक फळी पेट्या ठेवण्यासाठी ठोकली, आणि आठवड्यातील एखादी सकाळ केवळ मांजरांसाठी राखून ठेवली, तरी रायपुरातील मांजरांवर फार मोठा उपकार होईल. चौबे कॉलनीतील आपल्या महाराष्ट्र मंडळाने एखाद्या रविवारी पशुवैद्याला बोलावून, मांजर न आणता केवळ पेट्या घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी तासाभराचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशीही माझी विनंती आहे. झाकण कसे सुटते, दार कसे निघते, आणि पेटी खालून कशी धरावी, हे पाहिल्यावाचून कळत नाही.

सुरुवातीला मोसम पावसाळ्याचा उत्तम. मृगाचा पाऊस पडून हवा निवली की माळ्यावरची पेटी काढून धुवावी, वाळवावी आणि मांजराच्या कोपऱ्यात ठेवून द्यावी. दिवाळीपर्यंत मिळणारे महिने अगदी भित्र्या मांजरालाही पुरतात, आणि नागपूरला जायचे असो वा लसीची तारीख येवो, त्या सकाळी मांजर पेटीत आधीच झोपलेले सापडण्याचा संभव पुष्कळ असतो.